उपरण्याखालचा भाव

मी कॅनडाहून घरी आले की आई मला एकटीला खरेदीला पाठवत नाही. तिचं म्हणणं असं की दुकानदाराला आधी माझ्या पायातले बूट दिसतात आणि मग मी. मागं एकदा हिंगोलीत परकराच्या कापडाला सांगितला तेवढा भाव देऊन आले, तर आईनं ते कापड कपाटात ठेवलंच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना दाखवायला बाहेर ठेवलं. "म्हणला तेवढं देऊन आली," एवढंच ती सांगायची, आणि बायका माझ्याकडे तापातून उठलेल्या माणसाकडे बघावं तशा बघायच्या. मला घासाघीस येत नाही असं नाही, मला तिचा कंटाळा आहे. तिकडे वस्तूवर किंमत चिकटवलेली असते. पटली तर घ्यायची, नाही तर पुढं जायचं, कुणाला वाईट वाटत नाही. इथं न बोलता पैसे काढले तर विकणारासुद्धा क्षणभर गोंधळतो.

दादा, म्हणजे माझे वडील, या बाबतीत दुसऱ्या टोकाचे. आमचं गाव शिरड शहापूरजवळ. आजूबाजूच्या गावांत कुणाला म्हैस घ्यायची असली की आदल्या दिवशी निरोप यायचा, "उद्या बाजाराला येता का?" दादा जायचे. बदल्यात काही घ्यायचे नाहीत, फार तर चहा. म्हैस बघायची दादांनी आणि भावही त्यांनीच करायचा. तो भाव तोंडानं होत नसे. दादा आणि हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, हातात हात द्यायचे, वरून दादांचं उपरणं टाकायचे आणि आत बोटं दाबून बोलायचे. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच, पंजा धरून मग दोन बोटं धरली तर सात. दहा की शंभर की हजार, हे जनावर बघून दोघांना कळतंच. भोवती कितीही माणसं उभी असोत, भाव त्या दोन हातांत राहतो. लहानपणी पावसाळ्याच्या दुपारी दादांनी मला हे खेळ म्हणून शिकवलं होतं. एक नियम ते पुन्हा पुन्हा सांगायचे: हात आत असताना हेड्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, तोंड खोटं बोलतं. आपण म्हशीच्या कासेकडं बघायचं.

मागच्या उन्हाळ्यात दादांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी आले तेव्हा ते चालत होते, बोलणंही सुधारलं होतं. फोनवर "आता टकाटक हाय" म्हणायचे, ते मला खरं वाटलं. पहिल्याच सकाळी मात्र त्यांनी चुलीवरून उतरलेल्या चहाचा स्टीलचा पेला उजव्या हातात धरला आणि सावकाश, गप्पा मारत प्यायला. मी माझा पेला पदरात धरूनही दोनदा खाली ठेवला होता. "बघ, तिकडं राहून हात मऊ पडले तुजे," दादा म्हणाले. आईनं खाली बघितलं. दादांच्या बोटांवर दोन जुने फोड वाळलेले होते. हात हलत होता, धरत होता, पण त्याला काही कळत नव्हतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि दादांसमोर कुणी बोलत नव्हतं.

माझा धाकटा भाऊ शेती बघतो. तो सरळ माणूस आहे, आणि सरळ माणसांसारखा कधी कधी नको तेवढा सरळ. घरची म्हैस आटल्यावर त्यानं पाकिटाचं दूध सुरू केलं होतं. दादांना नवी म्हैस हवी होती, मी पैसे देते म्हणाले, आणि जेवताना वाद झाला.

"मी जाऊन आणतो," भाऊ म्हणाला. "तुमी काहून तकलीफ घेता?"

"तुला म्हस कळती का?"

"भाव तर कळतो. मोबाइलवर इचारतो चार जणाला."

दादा जेवायचे थांबले. शेवटी भावानं अट घातली, तीही माझ्याकडं बघून: "ताई, तू जा संगं. या खेपेला नीट सौदा करून आले तर मी पुन्हा कवाच आडवणार न्हाई. न्हाईतर बाजार बंद. आजारानंतर एकाला म्हस महाग घेऊन दिली, लोकं हासून राहिले, ताई, मला ऐकावं लागतं." दादा एवढंच म्हणाले, "बराबर हाय." मला भावाचा राग आला, आणि तो चुकीचं बोलत नव्हता याचा जास्त आला.

जवळा बाजार गावच्या जनावरांच्या बाजाराला दादा आणि मी गेलो. बाजार आता निम्मा तोंडानंच चालतो. तरुण पोरं म्हशीचा फोटो काढतात, कुणाला तरी पाठवतात आणि मोठ्यानं आकडे बोलतात. पण जुने हेडी दादांना ओळखत होते. "काका, लई दिवसानं!" असं दोघा-तिघांनी म्हटलं आणि दादा ताठ झाले. त्यांनी पाच-सहा म्हशी नाकारल्या. एकीचं शेपूट उचलून बघितलं, एकीला चार पावलं चालवायला लावलं. मग एका काळ्याभोर, पाठीवर भोवरा असलेल्या म्हशीपाशी थांबले. डाव्या हातानं कास चाचपली. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सत्तरची हाय. वर एक रुपया न्हाई." सत्तर हजार. माझ्या पर्समध्ये जास्त होते, पण मी ते बोलले नाही.

हेडी पन्नाशीचा, पांढरी टोपी घातलेला. त्यानं हात पुढं केला. दादांनी उजवा हात दिला, डाव्या हातानं खांद्यावरचं उपरणं काढून वर टाकलं. डावा हात सौद्याला देत नाहीत, समोरच्याचा अपमान होतो. चार माणसं सवयीनं भोवती गोळा झाली. उपरणं हललं. दादांनी मान हलवली, "न्हाई." पुन्हा हललं. "न्हाई, न्हाई." तिसऱ्यांदा हेडी जरा हसल्यासारखा झाला, आणि दादा म्हणाले, "बरं. दिला हात."

मी म्हशीकडं बघत नव्हते, दादांकडं बघत होते. आणि दादा पहिल्यापासून हेड्याच्या तोंडाकडं बघत होते.

त्यांनी स्वतःचा भाव बोटांनी सांगितला असेल, ते त्यांना जमत होतं. समोरून काय आलं ते त्यांना समजलंच नव्हतं. हेड्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधून ते दोनदा नाही म्हणाले आणि एकदा हो. आता शब्द गेला होता, आणि कितीला गेला हे त्या घोळक्यात एकाच माणसाला माहीत होतं.

पैसे द्यायला मी हेड्याबरोबर बाजूला झाले. "ऐंशी, ताई," तो हळूच म्हणाला. "नव्वदवरून आलो मी, काकांसाठी." त्याची काही चूक नव्हती. त्यानं मागितलं, समोरच्यानं मान्य केलं. मी म्हणू शकले असते की वडिलांचा हात बधिर आहे, सौदा धरू नका. त्यानं कदाचित ऐकलंही असतं, आणि मग ते अख्ख्या बाजारानं ऐकलं असतं. मी पैसे दिले. आयुष्यात पहिल्यांदा मला घासाघीस करावीशी वाटली आणि करता आली नाही.

म्हैस टेम्पोत चढवली. आम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. ड्रायव्हर आमच्याच गावचा, त्याच्या कानावर पडलेलं आमच्या अंगणात आमच्याआधी पोचतं. त्यानं गाडी सुरू करतानाच विचारलं, "काका, कितीला बसली?"

"बाजारातला भाव गाडीत इचारत न्हाईत," दादा म्हणाले.

मग दादांनी उपरणं काढून आमच्या दोघांच्या मध्ये मांडीवर पसरलं. मला वाटलं घाम पुसायला काढलं. त्यांनी त्याखाली हात घातला आणि माझ्याकडं न बघता बसून राहिले. डावा हात होता.

मी आत हात घातला. त्यांचा तळवा उघडा होता, गरम. एवढ्या वर्षांनी मला ते बोटांचं बोलणं आठवेल की नाही अशी भीती वाटली, पण आठवलं. मी पंजा धरला. पाच. मग दोन बोटं धरली. सात. आणि तिथं थांबले. वरचे दहा हजार मला जड नव्हते, भावाला कधी कळलं नसतं, दादांचा बाजार राहिला असता. हेड्यालाही कुणी विचारायला जाणार नव्हतं. मी हात सोडवू लागले तर त्यांनी सोडला नाही.

"आन?" दादा म्हणाले. समोर रस्त्याकडं बघत होते.

मी तिसरं बोट धरलं.

त्यांनी ते जरा वेळ तसंच राहू दिलं. मग हात काढून घेतला आणि उपरणं खांद्यावर टाकलं. मला रडू येत होतं, आणि ड्रायव्हर तिरक्या नजरेनं बघत होता म्हणून मी खिडकीबाहेरचं सोयाबीन बघत राहिले.

घरी भाऊ दारात उभा होता. म्हैस उतरवली, त्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली, बरी वाटली असावी. मग विचारलं, "कितीला?" विचारलं मला.

"ऐंशी," दादा म्हणाले.

"म्हस तर सत्तरची हाय."

"सत्तरचीच हाय. मला उजव्या हाताला कळत न्हाई आता. मेलाय त्यो." ते ओसरीच्या कडेला बसले. आईनं आणलेलं पाणी घेतलं नाही. "बाजार बंद म्हणलास, तर बंद. माजी हरकत न्हाई."

भावानं दावं घेऊन म्हशीला गोठ्यात नेलं आणि बराच वेळ तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी नव्या म्हशीच्या दुधाचा पहिला चहा झाला. आईनं पेला ठेवला. दादांचा उजवा हात सवयीनं पुढं आला, मग मागं गेला. त्यांनी डाव्या हातानं पेला उचलला आणि लगेच खाली टेकवला. "लई पोळतंय गं," ते म्हणाले. भाऊ उठून आत गेला, बशी घेऊन आला आणि त्यांच्यापुढं ठेवली. चहा बशीत ओतता ओतता, दादांकडं न बघता म्हणाला, "पुढच्या बाजाराला जनावर तुमी बघा. हात मी घालतो, तेवढं मला बोटाचं शिकवा."