दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

माझी माय अकोल्याच्या बाजारात भाजी विकायची. आमच्याच मळ्यातली. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. टोपलीतल्या वांग्याला तिनं उभ्या जन्मात वाईट म्हटलं नाही. गिऱ्हाइकानं किडकं म्हणून बाजूला काढलेलं वांगंही ती पदरानं पुसून परत वर ठेवायची आणि म्हणायची, "हातात घेऊन तं पाहा बाई, लोणी हाय लोणी." मी त्याच टोपलीमागे पोत्यावर बसून अभ्यास करायचे. एखादी बाई म्हणायची, "पोरगी हुशार दिसते वो तुमची." लगेच हीच माय तोंड वाकडं करायची. "कायची हुशार? ठोंबी हाय. नुसतं पुस्तक धरून बसते. हिच्यानं काई होत नाई."

बाई गेली की माय माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी कडाकडा बोटं मोडायची. मला वाटायचं, ठोंबी पोरगी पदरात पडली म्हणून हिला माझी कीव येते. चारचौघांत लेकराचं कौतुक झालं की नजर लागते, म्हणून आपणच त्याला आधी वाईट म्हणून ठेवायचं, अशी आमच्याकडची रीत. हे मला फार उशिरा कळलं. लोक म्हणतात, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्या घरी बाब्या नेहमी शेजारचा असायचा.

मायची दुसरी शिकवण जेवणाची. कोणाकडे गेलं की पहिल्या खेपेला "नको" म्हणायचं, पोटात कितीही कावळे ओरडोत. दुसऱ्या खेपेला पानावर हात आडवा धरायचा. तिसऱ्या खेपेला म्हणायचं, "बरं, अर्धीच द्या." माय सांगायची, "पहिल्याच खेपेले हो म्हणणारं माणूस हपापलेलं दिसते." वाढणाऱ्यालाही रीत ठाऊक असायची, तो आग्रह करणारच, त्यामुळं उपाशी कोणी उठायचं नाही. वाढणाऱ्याच्या मनात वाढायचं असलं, तर या रीतीत काहीच वाईट नाही.

मी शिकले, बी.एड. केलं, अमरावतीच्या एका खासगी शाळेत लागले आणि लग्न होऊन तिथलीच झाले. मी चांगली शिकवते. फार चांगली शिकवते. हे इथं लिहून टाकते, कारण तोंडानं कधी बोलले नाही. कोणी म्हटलं, "मॅडम, आजचा तास फार छान झाला," की माझ्या तोंडून मायच बोलायची, "कायचं हो, असंच आपलं." आणि गंमत बघा, आठवीच्या मुलींचा व्यक्तिमत्त्व विकासाचा तास माझ्याकडे. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, "मला येतं." वर्गाकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. एखादीचा आवाज बारीक आला तर तिला उभी करायचे.

गेल्या वर्षी आमचे मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले. सेवाज्येष्ठतेत माझा नंबर पहिला होता. ती खुर्ची मला पाहिजे होती. उगाच साळसूदपणा कशाला, जीव तोडून पाहिजे होती. खुर्चीत बसताच पहिलं काम काय करायचं तेही ठरवून ठेवलं होतं. मुलींच्या संडासाच्या दारांना धड कडी नाही. पोरी मैत्रिणीला दाराशी उभी करून आत जातात, आणि मैत्रीण आली नसेल त्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मी मागच्या साहेबांना सांगून सांगून थकले होते. आता कोणाला सांगायची गरज राहणार नव्हती.

संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. खोलीत संस्थेची माणसं होती आणि कोपऱ्यात माझ्याहून कनिष्ठ असलेले आमचे एक सर बसले होते. ते कशाला आलेत, हे मला तेव्हा सुचलं नाही. अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, ज्येष्ठ तुम्हीच. घेता का जबाबदारी?"

मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आणि जीभ म्हणाली, "माझ्यानं कुठं होते साहेब एवढं मोठं काम."

पानावर हात आडवा धरला होता मी. आता ते म्हणतील, "असं कसं मॅडम, तुमच्याशिवाय आहे कोण?" मग मी पुन्हा थोडं आढेवेढे घेईन आणि मग हो म्हणेन. मी मान खाली घालून वाट पाहत राहिले.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "मॅडमचीच इच्छा नाही म्हटल्यावर आपण जबरदस्ती कशी करणार?"

कोपऱ्यातल्या सरांनी फाइल उघडून एक कागद माझ्यापुढं सरकवला. माझा नकार त्यावर आधीच टाइप करून आणला होता, फक्त सही करायची बाकी होती. अध्यक्ष काही परमुलखातले नव्हते. आमच्याच वऱ्हाडातले, आग्रहाच्या पंगतीत वाढलेले. तिसऱ्या खेपेला मी हो म्हणणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दुसऱ्या खेपेला विचारलं नाही.

तेव्हाही "थांबा, मी घेते जबाबदारी" एवढं म्हणता आलं असतं. पण आता म्हणायचं म्हणजे सगळ्यांदेखत हपापलेली ठरायचं. मी सही केली. शिपाई चहा घेऊन आला, त्यालाही नको म्हटलं. तो बिचारा म्हणाला, "घ्या ना मॅडम, घोटभर." त्या खोलीत आग्रह करणारा तो एकटाच होता.

आता ते सर मुख्याध्यापक आहेत. त्यांच्या खोलीत एसी लागला. मुलींच्या संडासाला कडी अजून नाही. मी अजून फळ्यावर "मला येतं" लिहिते आणि पोरींकडं तोंड करायच्या आधी थोडा वेळ फळ्याकडंच पाहत राहते.

सही केली त्याच रविवारी मी एसटीनं अकोल्याला गेले. मूर्तिजापूरपर्यंत डोळे कोरडे होते, पुढं राहिले नाहीत. माय आता थकली आहे, बाजारात बसत नाही, भावाकडे असते. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं.

"मंग दुसऱ्यांदा काय म्हणले ते?" तिनं विचारलं.

"दुसऱ्यांदा विचारलंच नाही."

तिचा हात थांबला. "असं कसं? इचारा लागते ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "तूच म्हणत होतीस ना, हिच्यानं काही होत नाही म्हणून? घे, नाही झालं."

"मी तं नजर लागू नाई म्हणून म्हणत होती वो. तुले एवढंई समजलं नाई?"

"एवढीशी होते मी. तू त्या बायांना सांगायचीस, पण ऐकत तर मीच होते ना? किडक्या वांग्याला लोणी म्हणायचीस. मला एकदा म्हटलं असतंस तर काय झालं असतं?"

मायनं हातातली शेंग सोलून दाणे बाजूला टाकले. मग हळूच म्हणाली, "वांगं बाजारात इकाचं होतं बाई. तुले कुठं इकाचं होतं?"

मीही शेंगा सोलायला घेतल्या.

तेवढ्यात शेजारची काकू आली. "मास्तरीणबाई आल्या वाटते. काय म्हणते शाळा?" मी तोंड उघडायच्या आत माय बोलली. चांगली मोठ्यानं, बाजारात बोलायची तशी. "माही पोरगी लय हुशार हाय. पुऱ्या शाळेत तिच्यासारखी मास्तरीण नाई. सोनं हाय सोनं."

हे ऐकायला मी जन्मभर थांबले होते. काकू गेली. मायचा हात आता माझ्या गालांकडं येईल आणि ती बोटं मोडेल, म्हणून मी सवयीनं जरा पुढं झुकले. ती आपली शेंगा सोलत राहिली. नजर लागावी असं माझ्यापाशी आता काही उरलं नव्हतं, आणि ते तिला माझ्याआधी कळलं होतं.