कोऱ्या रकान्यातली कावेरी

माझ्या थोरल्या भावानं माझ्या धाकट्या बहिणीला फसवलं. एका कागदावर तिची सही घेतली, सहीच्या बदली शब्द दिला आणि तोच कागद नेऊन पोलिसांच्या हातात ठेवला. मधली दलाल मी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल कुणी लिहिलं की आता गोड गोड वाचायला मिळणार असं लोकांना वाटतं. कावेरीला जाऊन सात आठवडे झाले. तिच्याबद्दल गोड लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण लिहायला बसलं की माझ्या मुठी वळतात.

ती दुपारी गेली, सरकारी दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात. मी तिचे डोळे मिटले आणि तिला नेसवायला साडी आणण्यासाठी राजारामपुरीत घरी आले. हिरवी इरकल, तिचीच. तासाभरात परत गेले तर खाट रिकामी होती, गादी उलटी करून ठेवलेली. नोंदणीच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, मयताच्या तुम्ही कोण. बहीण म्हटल्यावर तो म्हणाला, "भाऊ सकाळपासून बाहेरच होते, सही करून घेऊन गेले की." त्यानं नोंद माझ्यापुढं सरकवली. नाव मल्लिकार्जुन. लिंग पुरुष. मी रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं आणि साडी मांडीवर घेऊन बसले... तिथं काय झालं ते शेवटी सांगते.

आमचं गाव कुरुंदवाडच्या अलीकडं, नदीला लागून. घरात कानडी, रस्त्यावर मराठी. थोरला अण्णा, मग मी, माझ्या पाठीवर एक मुलगी झाली ती आठव्या महिन्यात गेली. तिचं बारसंही राहूनच गेलं होतं, सगळे पुट्टी म्हणायचे. त्यानंतर चार वर्षांनी मल्लू. मल्लूला कळायला लागलं तेव्हापासून तो स्वतःला मुलगी म्हणायचा, आणि त्याबद्दल मार खायचा. चौदाव्या वर्षी अव्वाचं, म्हणजे आईचं, लुगडं नेसून तो नदीवर पाण्याला गेला. अप्पानं त्याला गुऱ्हाळातल्या खांबाला बांधून बैलाच्या कासऱ्यानं फोडला. पाठीची सालं निघाली. मग गावातल्या चार शहाण्यांनी तोड काढली, ही देवीची करणी आहे, पोराला देवीला सोडा, जोगती होऊ द्या. अप्पाचा चेहरा उजळला. डोक्यावर देवीची परडी घेतली की साडीला कुणी हसत नाही, उलट पाया पडतात. पण मल्लू म्हणाला, "मला देवीची व्हायचं न्हाय. मला नुसती बाई व्हायचंय."   अण्णानं दाराचा अडसर काढून मल्लूच्या उजव्या मनगटावर घातला. ते मनगट पुढं आयुष्यभर वाकडंच राहिलं.

त्याच आठवड्यात ती माझ्याकडं कोल्हापूरला पळून आली. इथून पुढं मी तिला 'ती'च म्हणणार. मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून आलेली, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरायची. जुनी साडी द्या, भांडं घ्या. तीन साड्यांना एक पातेलं, त्यातली एक तरी काठाची पाहिजे. बायका दीड तास घासाघीस करायच्या, मी दोन तास करायची. संध्याकाळी आणलेलं गाठोडं कावेरी सोडायची. विटलेली साडी वेगळी, फाटलेली वेगळी, आणि एखादी चांगली निघाली की नेसून आरशापुढं उभी राहायची, मनगट पदराखाली झाकून. कावेरी हे नाव तिनं स्वतः निवडलं. नव्वद साल उलटल्यावर माझं राजारामपुरीत भांड्यांचं दुकान झालं. पुढं ती मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करून आली. महिनाभर मी तिच्या जखमा धुतल्या. एकदा तापात ती शुद्धीवर आली आणि म्हणाली, "अक्का, आता तरी माझं नीट लिवतील न्हवं?"

दुकानाजवळच्या एका प्रसूतिगृहात ती आया म्हणून लागली. बाळाला अंघोळ घालायची, बाहेर बसलेल्या नातेवाइकांना मुलगी झाली का मुलगा ते सांगायची आणि जन्माचे फॉर्म नोंदणीला पोचवायची. प्रत्येक बाळाच्या कानात ती सांगे, "तुझं नीट लिहून आणते हं." आपण रोज दोन-चार पोरांचं बरोबर लिहून आणतो, चुकलंय ते आपलंच, असं म्हणून हसायची. नोकरीत कायम करायचं तर जन्माचा दाखला लागेल, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा ते हसू थांबलं.

आम्ही दोघी गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. तिच्या हातात मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र होतं. ग्रामसेवकानं ते कट्ट्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. मग म्हणाला, राहिलेलं नाव घालता येतं, चुकलेलं अक्षर दुरुस्त करता येतं, पुरुषाची स्त्री करायची नियमात सोय नाही. कावेरी शांतपणे म्हणाली, माझ्या जन्मापुढं चूक झाली आहे, तेवढी दुरुस्त करा. तो म्हणाला, "दाखव. बघतो आनि लिवतो." कट्टा हसला. कुणीतरी मागून तिचा पदर ओढला. मी टेबलावरचं, कागदांना भोकं पाडायचं लोखंडी पंच उचललं आणि ग्रामसेवकाच्या बोटांवर घातलं. तो कळवळला, त्याचा हात रजिस्टरवरून सुटला... आणि त्याच क्षणी मला पुट्टी आठवली. माझं डोकं असंच आहे, रागात असलं तरी सौदा दिसतो. म्हटलं, या नोंदीच्या चार वर्षं मागचं पान काढ. तिथं ती होती. आईबापाचं नाव, लिंग स्त्री, बाळाच्या नावाचा रकाना कोरा. मृत्यूची नोंद कुठंच नव्हती. आमच्याकडं तान्हं बाळ गेलं की मळ्याच्या बांधाला पुरायचं, चावडीला सांगायला कोण जातंय? कागदावर पुट्टी जिवंत होती.

मग मी सौदा केला. पदर ओढल्याची तक्रार मी करणार नाही, बोटं ठेचल्याची तू करू नकोस, आणि त्या कोऱ्या रकान्यात 'कावेरी' लिही. वर दुकानातला एक तांब्याचा हंडा कबूल केला. अव्वाला आणून अंगठा उठवला. ती माऊली त्या ओळीवरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसली.

बाहेर चिंचेखाली कावेरीनं दाखला दोनदा वाचला. "अक्का, ही मी न्हवं. ही पुट्टी हाय."

"बाई लिवलंय का न्हाय?"

"मला माझ्या जन्मापुढं पायजे हुतं."

मी तिच्यावर ओरडले. मिळतंय ते घे, कुरकुर करणारं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जातं म्हटलं. आयुष्यभर मी बायकांना त्यांच्या नको त्या वस्तूवर राजी करत आले, त्या दिवशी माझ्या बहिणीला केलं. तिनं आपला जन्म मागितला होता, मी तिला मेलेल्या बाळाचा दिला.

तरी दाखला चालला. ती कायम झाली. रेशनकार्ड झालं, मतदानाला बायकांच्या रांगेत उभी राहिली, आत कुणीतरी तिचं नाव मोठ्यानं वाचलं म्हणून घरी येऊन शिरा केला. दाखल्याला प्लास्टिक चढवून ती तो स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि रोज सकाळी पदरानं पुसायची. सहा वर्षं अशी गेली. त्या सहा वर्षांत तिच्यावर कुणी हात उचलला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मग अप्पा वारले. पंधरवड्यानं अण्णा दुकानात आला, वाडीची बासुंदी घेऊन. म्हणाला, नदीकाठच्या उसाच्या रानावर वारस म्हणून मल्लिकार्जुनचं नाव लागतंय, त्यानं हक्क सोडल्याची सही करावी. एकदा सही झाली की मी कावेरीबद्दल जन्मात तोंड उघडणार नाही. मी हिशेब केला, बाळंतिणींच्या मागं धावणाऱ्या बाईला ऊस काय करायचाय? एक सही द्यायची आणि कायमची शांतता घ्यायची. मला सौदा फायद्याचा वाटला. कावेरी दोन दिवस जेवली नाही. ते नाव मी परत माझ्या हातानं लिहू का, एवढंच विचारत राहिली. मी ताट आपटलं. शेवटी तिनं त्या वाकड्या मनगटानं, मोडक्या अक्षरात, 'मल्लिकार्जुन' लिहिलं. शेजारी तिचा फोटो लावला.

महिना उलटायच्या आत पोलीस प्रसूतिगृहात आले. अण्णानं लिहून दिलं होतं की माझी बहीण तान्हेपणीच वारली, माझा भाऊ तिच्या नावावर बाई म्हणून फिरतोय. पुरावा म्हणून हक्कसोड पत्र जोडलं होतं. रेशनकार्डावरच्या कावेरीचा आणि त्या पत्रावरच्या मल्लिकार्जुनचा चेहरा एकच. जी सही तिला सोडवणार होती, तिनंच तिला बांधलं.

तीन दिवस तिला पुरुषांच्या कोठडीत ठेवलं. केस कापले. ती बाई आहे का बुवा हे तपासायला कोण कोण आलं, ते तिनं मला एकदाच सांगितलं, तेही अर्धं. ते मी लिहिणार नाही. बाहेर आली तेव्हा डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं आणि लघवीतून रक्त जात होतं. दाखला जप्त झाला. डॉक्टरीणबाई रडल्या, पण नोकरी राहिली नाही. त्याच संध्याकाळी मी गावी जाऊन वरवंट्यानं अण्णाचे दोन दात पाडले. त्याची केस माझ्यावर अजून चालू आहे. चालू दे.

कावेरी दोन वर्षं जगली, माझ्या घरात, अंगावर सूज घेऊन. मूत्रपिंडं गेली होती. दुकानातून बाळाचं रडणं ऐकू आलं की ती चांगला कान तिकडं करायची. शेवटी दवाखान्यात नेलं, तर कागद पुरुषाचा म्हणून वॉर्डही पुरुषांचा. तिथं लोक तिला बघायला यायचे, पांघरूण उचलायचे. एकाच्या हातावर मी गरम चहा ओतला. तिनं माझा पदर धरला. "असू दे अक्का. जाताना तेवढं मला साडीत घाल."

आमच्यात जाळत नाहीत, बसवून मूठमाती देतात. मी गावात पोचले तेव्हा ती खड्ड्यात बसवलेली होती. धोतर, पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल, कपाळावर विभूती. जंगम स्वामी मंत्र म्हणत होते. बाईमाणसानं पुढं येऊ नये असं कुणीतरी म्हणालं. मी खड्ड्यात उतरले. रुमाल काढून फेकला आणि साडीचं टोक तिच्या कमरेला खोचून गुंडाळायला लागले. अंग ताठलं होतं, वळत नव्हतं. वरून अण्णानं माझे केस धरले. मी त्याच्या हाताचा लचका तोडला. कुणीतरी फावड्याचा दांडा पाठीत घातला. "ओढा हिला, माती लोटा," अण्णा म्हणाला. मला ओढलं तेव्हा साडी माझ्या मुठीत होती, ती मी सोडली नाही. टर्रकन फाटली... अर्धी तिच्या अंगावर राहिली. त्यावर माती पडली.

उरलेली अर्धी दुकानात त्या स्टीलच्या डब्यात आहे. मातीसकट. डबा मांडणीवर मधोमध असतो, गिऱ्हाइकं त्याचा भाव विचारतात. विकायचा नाही म्हणते.

माझं मी कबूल केलं. कोरा रकाना मी भरला, सहीला राजी मी केलं. आता अण्णा, तुझं. पोलिसांना तू लिहून दिलंस की आपली बहीण तान्ही असताना गेली. दवाखान्यात लिहून दिलंस की आपला भाऊ गेला. मग सहा वर्षं मतदानाला बायकांच्या रांगेत उभी राहिली ती कोण? शेकडो बाळांचं जिनं नीट लिहून आणलं ती कोण? त्या खड्ड्यात अर्ध्या इरकलीत बसलीय ती कोण? दात नसले तरी तोंड आहे तुला. चावडीत ये, रजिस्टर उघड, पुट्टीच्या आणि मल्लूच्या त्या दोन ओळींवर बोट ठेव आणि अव्वासमोर सांग, आपल्याला बहिणी किती होत्या?