एकट्याचा निर्णय

अमेरिकेत एडिसनला मुलाच्या घरी आम्ही नवरा-बायको मटार सोलत टीव्ही बघत होतो. इंग्लंडच्या पंतप्रधानांचा युरोपातून बाहेर पडायचा करार तिथल्याच पार्लमेंटनं पाडला होता. मला काही कळेना. मी शिकलो चौथीपर्यंत, बायको सातवीपर्यंत.

ती म्हणाली, "तिथं मोठ्या माणसालाही मंजुरी घ्यावी लागते. तुम्ही मात्र गावच्या घराला कुलूप लावून मला इथं आणलंत. विचारलंत?"

"आता विचारतो. परत जायचं?"

"उद्या सांगते."

त्या रात्री झोपेतच ती गेली.

सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, सगळं इथंच करू या ना?"

"नाही. गावी न्यायचं तिला."

हेही मी एकट्यानंच ठरवलं, आणि तिच्या साड्यांच्या घड्या घालत बसलो.