सैल पट्टा

घोडे विकणाऱ्या काकींचा गिऱ्हाइकांवर काडीचा विश्वास नव्हता. कुणी घोडा बघायला आलं की त्या खोगिराचा पोटाखालचा पट्टा गुपचूप सैल करून ठेवायच्या. पट्टा न तपासता जो रिकिबीत पाय घालेल, त्याला तिथूनच हाकलायच्या. "आधी खुर्चीवर नीट बसायला शीक, मेल्या!" सख्ख्या जावयालाही त्यांनी सोडलं नव्हतं.

मग घोडा पाळायचा तर लायकीचा दाखला हवा, असा नियम निघाला. काकींची परीक्षा घ्यायला एक साहेब आले. काकींच्या मनात लगेच पाल चुकचुकली. बूट इतके चकचकीत? हा कधी तबेल्यात तरी शिरलाय का? त्यांनी हळूच पट्टा सैल केला. "आधी तुम्हीच बसून दाखवा."

"परीक्षा तुमची आहे, काकी," साहेब हसले.

त्या हसण्याने काकींचं डोकंच फिरलं. हा आपल्याला नापास करायलाच आलाय! साहेबांवर डोळे रोखून त्यांनी रिकिबीत पाय घातला, आणि खोगीर फिरून त्या धाडकन जमिनीवर आल्या.

साहेब धावले. काकींनी त्यांचा हात झिडकारला.

"बघत काय बसलात? नापास करा! असल्या बाईला मी गाढवसुद्धा विकलं नसतं."