भिवराचा फासा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नजीरभाईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही आहात, मधेच तोंड घालून "जाऊ दे बे, होतं असं" म्हणणार नाही. असं म्हणणारे मला ढीगभर मिळाले असते. म्हणूनच गप्प बसलो.

पण आधी माझी हुशारी ऐकून घ्या. ती खरी आहे, त्यात भेसळ नाही. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा एक खेळ असतो. तीनचार जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, त्या पात्रांची मिळून टोळी होते आणि ती मुलूख तुडवत निघते. एक जण खेळ चालवतो. म्हणजे गड, जंगल, पहारेकरी, म्हातारी, वाघ, सगळ्यांच्या वतीनं तोच बोलतो. तो मी. पुण्याला दोन वर्षं शिकायला होतो. शिक्षण तिथंच राहिलं, हा खेळ तेवढा घेऊन परत आलो. चौसाळ्याला हमरस्त्यावर झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं, आणि रविवारी दुपारी मी मुकादम झालो. हो, मुकादमच म्हणायचे मला. ऊसतोडीची टोळी चालवतो तो मुकादम, आमच्याकडं दुसरा शब्द कुठला असणार?

राक्षस काय, कुणीही बनवतं. चार हात लावा, शिंगं लावा, झाला राक्षस. माझी खासियत वेगळी — सामनेवाली टोळी. म्हणजे तुमच्यासारखीच माणसं, तुमच्यासारखीच पायपीट करणारी, तुम्हाला जे पाहिजे तेच त्यांना पाहिजे, आणि तुमच्या अर्धा दिवस आधी पोचलेली. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. उसाच्या फडावर दोन टोळ्या शेजारी उतरल्या की कोयत्यानं कुणी कुणाला मारत नाही. पाण्याजवळची जागा कुणी आधी धरली, गाडी कुणाची आधी भरली, एवढ्यावरच सगळा जळफळाट चालतो. तो जळफळाट मी टेबलावर आणला. सामनेवाल्या टोळीत एक माणूस असा ठेवायचा की खेळणाऱ्याला तो आवडलाच पाहिजे. आणि ज्या गोष्टीचा तुम्हाला गर्व, नेमकी तीच गोष्ट त्यांना तुमच्यापेक्षा कणभर बरी जमली पाहिजे. शहरातली पोरं आज फोन करून मला हे विचारतात. मी सांगतो. चांगलं सांगतो.

त्या पोरांना मी आणखी एक नियम सांगतो, आणि तो सांगताना आवाज जरा चढवतो — खेळाडूचं गुपित सामनेवाल्या टोळीला कधी कळू द्यायचं नाही. आता ह्या नियमाकडं कसा आलो, ते सांगायला बसलोय ना मी? बसलोय. सांगतो.

टँकरचं वर्ष होतं. जनावरं सगळी चारा छावणीत, गावात दूधच नाही, त्यामुळं दूध सोसायटीचं संकलन केंद्र बंद पडलेलं. सोसायटीच्या सेक्रेटरी सिंधूताई, त्यांच्याकडं किल्ली, म्हणून आमचा खेळ तिथंच. त्या स्वतःही खेळायच्या, धनुष्यवाली व्हायच्या आणि कुणाचं ऐकायच्या नाहीत. दुसरे नजीरभाई, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरणारे. त्या वर्षी विहिरीच कोरड्या, मोटारी जळायला चालणार कुठं? तेही रिकामेच. आणि तिसरा बिभीषण. माझ्याच वयाचा, माझा मित्र, आणि पाणाड्याचा पोरगा.

पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा. बिभीषणचे वडील, त्यांना सगळा शिवार नाना म्हणायचा, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचे. जिथं नारळ उभा राहील तिथं विहीर, तिथं बोअर. नारळ आणि पानसुपारी, ह्यापलीकडं कधी काही घेतलं नाही. नानांचे गुडघे गेल्यापासून नारळ बिभीषणच्या हातावर आला होता. आणि गंमत म्हणजे खेळातही त्यानं पाणाड्याच घेतला. मी म्हटलं, अरे घरी तेच, इथंही तेच? तर म्हणाला, हितं तरी मजा येईल.

आमच्यात एक रिवाज होता. मीच पाडलेला. खेळ सुरू होताना प्रत्येकानं आपल्या पात्राचं एक गुपित चिठ्ठीवर लिहून मला द्यायचं. मुकादमानं वाचायचं, पण सामनेवाल्या टोळीला ते माहीत नाही असं धरून खेळ चालवायचा. म्हणजे माझ्याच डोक्यात भिंत घालायची. सोपं नाही ते, पण मी करायचो आणि मला त्याचा अभिमान होता.

बिभीषणच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: "ह्याच्या हातावर नारळ कधीच उभा राहिला नाही. हा मनगटानं उभा करतो. बापाला माहीत नाही."

पात्राच्या कागदावर त्यानं बाप मेलेला दाखवला होता. मग बापाला माहीत नाही, हे कुणाच्या बापाबद्दल? मला त्याच क्षणी कळलं. कळलं नाही असं मी म्हणू शकलो असतो — पण नाही म्हणत.

आता मी हे का केलं? साधी गोष्ट आहे. बिभीषण मला हरवत होता. माझ्या तीन टोळ्या त्यानं ओळीनं लोळवल्या. एकीला तर चकवा देऊन कोरड्या बारवेत उतरवलं आणि वरून दोर ओढून घेतला. नजीरभाई टेबलावर हात आपटून हसले. वर बिभीषण म्हणाला, "मुकादम, आणखी एखादी टोळी धाड बे, भूक भागली न्हाई." मीही हसलो. घरी जाईपर्यंत हसत होतो, आणि घरी गेल्यावर भिवरा लिहायला घेतली. राग आला होता मला. दुसरं काही नाही.

भिवरा ही सामनेवाल्या टोळीतली पाणाडीण. माझ्या सगळ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं पात्र. बोलायला मऊ, सगळ्यांना आपली वाटणारी, कधी घाई न करणारी. आजही लोक तिचं नाव काढतात. तिचं एकच वाक्य मी आधी लिहिलं, आणि मग त्या वाक्याभोवती बाई उभी केली.

त्या रविवारी खेळात दोन्ही टोळ्या एका गडाच्या दारात पोचल्या. जो पाणी दाखवील त्यालाच दार उघडणार. गावकरी गोळा झालेले. बिभीषणच्या पाणाड्यानं नारळ हातावर घेतला, आणि भिवरा पुढं झाली. मी तिच्या आवाजात म्हणालो, "मनगट बांधून दाखव, लेकरा. मीबी बांधून दाखवते."

बिभीषणनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरलेलो नाही. त्यात राग नव्हता. तो माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होता.

ठरलं असं की दोघांची मनगटं बांधायची आणि दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याच्या हातावर नारळ उभा राहणार. बिभीषणनं सगळ्यांच्या समोर टाकला. पंधरा. चांगला आकडा होता. मग मी भिवराचा टाकला. मुकादमाचा फासा आडोशाला पडतो, तसा नियमच आहे. माझ्यापुढं लग्नपत्रिकांचा पुठ्ठा उभा असायचा. त्याच्याआड फासा पडला.

चार.

मी म्हणालो, एकोणीस.

आणि मग, हे करायची काही गरज नव्हती तरी, भिवराचं वाक्यही म्हणून टाकलं: "मनगटानं पाणी लागत न्हाई रं." नजीरभाई हसले. त्यांना काय माहीत? सिंधूताई म्हणाल्या, लई भारी बाई काढली ही. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. खरंच सांगतो, त्या घटकेला मला फार बरं वाटलं.

खेळ आटोपल्यावर बिभीषण केंद्राच्या ओट्यावर थांबला. मी कुलूप लावत होतो.

"ती भिवरा चिठ्ठी वाचून लिवली का?"

"न्हाई बे. टोळी आधीच तयार होती."

"आन् फासा? एकोणीसच पडला?"

"एकोणीस."

"मग हा कौलच हाय," तो म्हणाला.

इथं तुम्हाला एक सांगायला हवं. त्याच आठवड्यात, गुरुवारी, गावची पाणी सोसायटी शेवटचा बोअर घेणार होती. जागा बिभीषणनं दाखवायची होती. त्यानं मला आधी एवढंच सांगितलं होतं की एका गोष्टीसाठी दोन मंगळवार देवीला कौल लावतोय. देवीला दोन फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. दोन्ही मंगळवारी एकही फूल पडलं नाही. कसला कौल, हे त्यानं सांगितलं नव्हतं. चिठ्ठी वाचल्यावर मला सांगायची गरज उरली नव्हती. नानांना खरं सांगू का नको, आणि सांगायचं तर कधी — तेच तो विचारत होता.

म्हणजे तो 'कौल' म्हणाला तेव्हा काय होणार हे मला ठाऊक होतं. मी कुलूप हातात धरून उभा होतो. "चार पडला होता" — तीन शब्द. ते म्हटले असते तर काय गेलं असतं? मी हरलो असतो. चौथ्यांदा. बस, एवढंच गेलं असतं.

गुरुवारी बोअरची गाडी येऊन उभी राहिली. सोसायटीचे चेअरमन, सभासद, बायामाणसं, सगळे बांधावर. नानांना खाटेवर बसवून आणलेलं. मीही गेलो होतो. बिभीषणनं नारळ हातावर घेतला, दोनचार पावलं चालला, मग मागं फिरला आणि नारळ नानांच्या मांडीवर ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या हातावर उभा राहत न्हाई. कधीच राहिला न्हाई. मी मनगटानं करत होतो."

नाना नारळाकडं बघत म्हणाले, "घरी सांगायचं व्हतं."

तुम्ही म्हणाल, खरं तर बोलला तो, वाईट काय झालं? हेच मी स्वतःला इतकी वर्षं ऐकवत आलोय. पण खरं त्याचं होतं. ते घरी सांगायचं की बांधावर, आज की पुढल्या वर्षी, एकट्या बापाला की साऱ्या गावाला, हे त्यानं ठरवायचं होतं. ते ठरवलं मी, चाराचे एकोणीस करून. देवीनं दोनदा सोडून दिलेलं मी एका दुपारी उरकलं.

पुढं काय झालं ते गावातल्या कुणालाही विचारा. लोक हिशोब मांडायला लागले की कोणता बोअर कुणी दाखवला होता. मुलाचं मनगट बापाच्याही हाताला चिकटलं. ज्यांच्या विहिरी आटल्या ते नानांच्या दारात येऊन बोलून गेले. ठग म्हणाले. चाळीस वर्षं पानसुपारीवर रानं तुडवलेल्या माणसाला ठग म्हणाले, आणि त्यातला एक जण मला आपल्या पोरीच्या पत्रिका छापायला सांगून गेला. मी छापल्या. नानांनी बिभीषणशी बोलणं सोडलं नाही. पण नारळ पुन्हा हातात धरला नाही, देवापुढं फोडायलासुद्धा. चार वर्षांनी ते गेले. बिभीषण त्याच वर्षीच्या दसऱ्याला एका टोळीबरोबर ऊसतोडीला गेला, तिकडंच राहिला. आता त्याचं ठिबकचं दुकान आहे, चांगलं चालतं.

मधल्या काळात दोनदा मला सांगता आलं असतं. नानांच्या मातीला मी गेलो होतो. बिभीषण माझ्या गळ्यात पडला. मी त्याची पाठ थोपटली आणि सरणाकडं बघत राहिलो.

दुसऱ्यांदा म्हणजे गेल्या महिन्यात. कुठल्याशा लग्नाला म्हणून तो आला होता, रविवार होता, थेट दुकानात आला. दूध सोसायटी पुन्हा चालू झालीय, त्यामुळं आता आम्ही दुकानातच मागच्या खोलीत खेळतो. नवी पोरं होती, दोन मुली कॉलेजातल्या, त्यांना भिवराचं नाव पाठ. बिभीषणनं खुर्ची ओढली, बसला आणि त्यांना म्हणाला, "ह्या माणसाचा फासा आडोशाला पडतो. पण ह्याच्याइतका सरळ माणूस मी दुसरा बघितला न्हाई. ह्यानं एकोणीस सांगितला म्हणून मी त्या दिवशी खरं बोलू शकलो. न्हाईतर बापाला फसवतच राहिलो असतो. नाना गेले तेव्हा एकच समाधान होतं मला. मी माझ्या मनानं न्हाई केलं, कौलानं केलं."

पोरी माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. मी चहा सांगितला. तो म्हणाला साखर कमी, मी पोऱ्याला ओरडून साखर कमी सांगितली.

त्याचं नाव मी इथं बदललेलं नाही. बदललं असतं तर हेही आडोशालाच पडलं असतं. बिभीषण, चार पडला होता. तुझा पंधरा होता. माझ्या खेळात त्या दिवशी मनगट बांधलेलं असताना तुझ्या हातावर नारळ उभा राहिला होता, आणि तो मी पाडला.