गाडी पाझरते, गळत नाही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. भाजीवाल्याने न मागता मेथी पाच रुपयांनी कमी केली, तर मी जुडी उलटी करून बघतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो तरी तपासणी काही सुटली नाही. बायको म्हणते, "तुमाले कोनं फुकट देल्लं, तरी तुमी वजन करून घेसान."

तिला कॅन्सर निघाला आणि दर एकवीस दिवसांनी अकोल्याला सलाइन घ्यायचं ठरलं. एकूण सहा. डॉक्टर तिच्या भावाच्या ओळखीतले, म्हणून अमरावती सोडून अकोला. पहिल्या खेपेला एसटीने गेलो आणि येताना मूर्तिजापूरपर्यंत तिचे जे हाल झाले, ते पाहून मी कानाला खडा लावला. आमची अकरा वर्षांची लहानशी गाडी पोर्चमध्ये होती. मागच्या सीटवर उशी टाकली की तिला आडवं होता यायचं. पुढच्या फेऱ्या गाडीनेच, असं ठरलं.

दुसरी फेरी झाली आणि पोर्चच्या फरशीवर काळा डाग दिसला. रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवला. पहिल्या सकाळी डाग रुपयाएवढा होता, तिसऱ्या दिवशी पुरीएवढा. ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेला टेकलेलं. दिवस सोमवार होता आणि गुरुवारी तिसरं सलाइन.

मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी वर उचलली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेल ओघळलेलं स्पष्ट दिसत होतं. तिथला इस्त्रीच्या कपड्यातला पोरगेलासा साहेब म्हणाला, आतलं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, त्यासोबत क्लचही बदलून टाकू. सव्वीस हजार आणि आठ दिवस. दुसऱ्या गॅरेजवाल्याने अठरा हजार सांगितले आणि "उघडल्यावर कळेल" असं वर जोडलं. दोघांनीही विचारलं होतं, गाडी किती चालते? दोघांनाही मी सांगितलं, फार नाही, गावातल्या गावात. नड दिसली की भाव चढतो, हे माझं जन्मभराचं तत्त्वज्ञान.

मंगळवारी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बडनेरा रोडवरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. घरात बसून कंटाळा येतो म्हणून बायकोही डोक्याला स्कार्फ बांधून आली. टिनाचं शेड, पिकलेली दाढी, कपाळावर नमाजाचा घट्टा. शेजाऱ्याने त्याला आमच्याबद्दल फोन करून ठेवला होता. "जय भीम सर, बसा," म्हणाला आणि बायकोला खुर्ची दिली. त्याने गाडीखाली पाहिलंच नाही. बॉनेट उघडून इंजिनाच्या मागे हात घातला, बोटं चोळली, वास घेतला.

"तेल खाली दिसते म्हनून सारे खालीच पाहातात," तो म्हणाला. "अजी, तेल वरून खाली येते. ओलं कुठून सुरू झालं, थे पाहा लागते."

मग त्याने डिझेल आणि ब्रशने इंजिन धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि तोंडाला लावायची स्वस्तातली पावडर मागून-खालून सगळीकडे भुरभुरवली. मला म्हणाला, बडनेऱ्यापर्यंत चक्कर मारून या. मला वाटलं, गडी नाटक करून राहिला. परत आल्यावर त्याने बॅटरी मारून दाखवलं. इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या कडेला पावडरीचा चिखल झाला होता आणि तिथून एक काळा ओघळ मागच्या बाजूने थेट खालच्या जोडापर्यंत उतरला होता. जोडावरची पावडर नुसती दमट होती.

"वरची पॅकिंग गेली. थे गळनं झालं. खालचं सील पाझरून राह्यलं. त्याले गळनं नाई म्हनत."

पॅकिंगचे मजुरीसह बाराशे, दीड तासाचं काम. सव्वीस हजारांवरून बाराशे ऐकल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. मला संशय आला. तेवढ्यात त्यानेही तोच प्रश्न विचारला, गाडी किती चालते? मी तेच उत्तर दिलं.

"मंग ठेवून जा ना. गावातच चालते त घाई कायची? आठ-धा रोजात सवडीनं सील बी टाकून देतो, सात हजारात."

आता आली पंचाईत. मी घुटमळू लागलो, तशी खुर्चीवरून बायको म्हणाली, "भाऊ, परवा अकोल्याले जाचं हाये. सलाइन हाये माही. अजून चार राह्यले."

मिस्त्रीच्या हातातला पाना थांबला. त्याने तिच्या स्कार्फकडे पाहिलं, मग मागच्या सीटवरच्या उशीकडे, आणि मग माझ्याकडे.

"सर, डाक्टरले बी असंच सांगता का?"

बत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. त्या शेडमध्ये मान वर करायची सोय राहिली नाही.

त्याचा सगळा हिशोबच बदलला. "आता सील उघडतच नाई. जुनी गाडी हाये. गिअरबॉक्स उतरवला अन् एखादा पार्ट नाई भेटला, त भाभीची तारीख जाईन. चार फेऱ्या पाझरत जाऊ द्या, काई बिघडत नाई. फक्त निघाच्या आधी पट्टी पाहा, अन् मूर्तिजापूरले थांबून पाहा. कमी दिसलं त पाव लिटर टाका." त्या दिवशी तो सहज सात हजार घेऊ शकला असता आणि मी दिलेही असते. त्याने बाराशे सांगितले. सवयीने माझ्या तोंडून "हजार घ्या" निघालं. बायकोने असं काही पाहिलं की गुपचूप बाराशे मोजले.

गुरुवारी आम्ही वेळेवर अकोल्याला पोचलो.

पट्टी पाहायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. स्वयंपाकाच्या वासाने तिला मळमळायचं, वाचायला घेतलं की डोकं धरायचं. घरातलं एकेक काम तिच्या हातून सुटत चाललं होतं. हे एक नवीन हातात आलं. मूर्तिजापूरला इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, मग ती जुन्या मऊ फडक्याने पट्टी पुसायची, पुन्हा घालून काढायची, उजेडात धरायची आणि म्हणायची, "हाये." पाचव्या फेरीला तिला सीटवरून उठवेना. मी पट्टी खिडकीपाशी नेली. तिने डोळे उघडून पाहिलं आणि म्हणाली, "पाव लिटर टाका." मी टोपण उघडून पाव लिटर ओतलं. मिस्त्रीने गाडी चालू ठेवली, आणि तिला हक्काचं एक काम दिलं, याची त्याला कल्पनाही नसेल. मी मात्र त्याचा जन्मभर ऋणी आहे.

सहावं सलाइन झालं. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन या. अमरावती जवळ आली तशी ती म्हणाली, "मिस्तरीकडं घ्या."

तो शेडबाहेरच उभा होता. गाडीकडे त्याचं लक्षच नव्हतं. खिडकीत वाकून त्याने तिला विचारलं, "झाले का भाभी सहाही सलाइन?"

"झाले," ती म्हणाली.

"अल्हमदुलिल्लाह." त्याने माझ्यापुढे हात केला. "द्या मंग चाबी. आता उघडतो सील."

मी चावी दिली. आम्ही उशी काखोटीला मारून ऑटोत बसलो.

"आता आठ रोज गाडी नाई," ती म्हणाली.

"जाचं कुठी हाये आता?" मी म्हणालो, आणि भर रस्त्यात, ऑटोवाल्यादेखत मला रडू आलं.