कोमातले आबा

नाशिकरोडचे शेखर पगारे अठराव्या वर्षी लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायला लागले. देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त बँडमास्तरांनी त्यांना जॅझचा नाद लावला. ठरलेली चाल सोडून मनात येईल तिकडे भटकायचं आणि अचूक जागेवर परत यायचं, यात त्यांचा जीव रमायचा. पण ऐकणार कोण? तीस वर्षं वराती वाजवल्यावर, पन्नाशीत, गंगापूर रोडच्या एका वायनरीत दर शनिवारी जॅझ वाजवायचं काम मिळालं.

तिथेच एका टीव्ही मालिकेचा दिग्दर्शक संतोष भेटला. त्याला सॅक्सोफोनशी देणंघेणं नव्हतं, चेहरा हवा होता. मखमलाबादच्या बंगल्यात चित्रीकरण, भूमिका आबांची. पहिल्याच भागात आबांना अपघात होतो आणि ते कोमात जातात.

"आठ दिवस नाकात नळी घालून पडून राहायचं, काका. बस्स!"

शेखररावांनी न वाचताच करारावर सही केली.

आठव्या दिवशी त्यांच्या डोक्यात एक धून घोळत होती. चादरीवरची बोटं आपसूक हलली आणि कॅमेऱ्याने ती टिपली. आबा शुद्धीवर येणार, अशी घरोघरी चर्चा सुरू झाली. मग काय, मालिकेने आबांना दोन वर्षं अंथरुणातून उठूच दिलं नाही.

त्यातच कुणीतरी वायनरीतला व्हिडिओ पसरवला, 'कोमातले आबा बघा!' निर्मात्यांनी करार पुढे केला. मालिका संपेपर्यंत जाहीर वादन बंद.

"मला मारून टाका ना एकदाचं," शेखरराव काकुळतीला आले.

"आबा गेले की मालिका गेली. चाळीस माणसं घरी बसतील," संतोष म्हणाला.

त्या चाळिसांत शेखररावांची बायको छायाही होती. सेटवरचे कपडे तीच शिवायची. शेखररावांनी पुन्हा नाकात नळी घालून घेतली.

घरी वाजवायला घ्यावं, तर दिवसभर पडून राहिल्याने श्वास पुरत नव्हता. ओठ पाच मिनिटांत दुखायला लागायचे.

यंदा फेब्रुवारीत ते वायनरीत नुसते ऐकायला गेले. त्यांच्या जागी तेजस्विनी नावाची मुलगी सॅक्सोफोन वाजवत होती, आणि सुरेख वाजवत होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना ओळखलं.

"अय्या, आबा! एक सेल्फी. डोळे मिटा ना, मालिकेतल्यासारखे."

त्यांनी मिटले. फोटो निघाला, बाई गेल्या, तरी धून संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

सकाळी सातला सेटवर हजर व्हायचं होतं. मध्यंतरातच ते घरी निघाले.